आईचा मॅक्युला, आम्हा भावंडांच्या तपासण्या: माझा अनुभव

आईला वयोमानाने मॅक्युला खराब होण्याचा डोळ्यांचा आजार झाला. तिचे उपचार आणि आमच्या तपासण्या नाशिकमध्येच झाल्या. त्यातलं कामाचं तेवढं लिहिते.

साठीनंतर धूसर दिसू लागलं की घरोघरी एकच निदान होतं: मोतीबिंदू, पिकू दे. पण कधी दोष मॅक्युलाचा असतो. मॅक्युला हा डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग. तो खराब झाला की समोरच्याचा चेहरा पुसट होतो, दाराची चौकट वाकडी दिसते, कडेचं मात्र दिसत राहतं. मोतीबिंदू काढून हे सुधारत नाही. पडद्याच्या डॉक्टरांकडेच जायला हवं.

तिथे बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. पुढचे काही तास जवळचं वाचता येत नाही, ऊन सोसत नाही. स्कूटरवर एकट्याने जाऊ नका. सिन्नर-इगतपुरीहून येणाऱ्यांनी सोबत कुणीतरी आणावंच. मग ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं प्रकाशाने केलेलं स्कॅन: दुखत नाही, मिनिटांत होतं. पडद्याखाली साचलेले ड्रुसेन (पिवळसर कचऱ्याचे ठिपके) आणि पाणी त्यात दिसतं. ड्रुसेन केवढे आहेत ते विचारा. 63 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असतील तर वयोमानाचे; 125 किंवा मोठे असतील तर आजार मध्यम टप्प्यात.

आता आनुवंशिकता. सीएफएच या जनुकाचा या आजाराशी संबंध 2005 मध्ये उघड झाला. एआरएमएस2 हे दुसरं मोठं जनुक. पण जोखमीचं जनुक असूनही अनेकांना आजार होत नाही. जनुक चाचणीने उपचार बदलत नाहीत, म्हणून आम्ही केली नाही. त्यापेक्षा कुणाला, कितव्या वर्षी, कोरडा (हळूहळू झिजणारा) की ओला (पडद्याखाली पाणी साचणारा), बिडी-सिगारेट होती का, हे कागदावर लिहून नेलं. पन्नाशीनंतर आम्ही भावंडं दरवर्षी पडदा तपासून घेतो. बदलता येण्याजोगं सर्वांत मोठं कारण धूम्रपानच, आणि ते भावाला सांगणं हे यातलं सर्वांत अवघड काम!

जीवनसत्त्व-खनिजांच्या गोळ्या मध्यम टप्प्यापासूनच कामाच्या, निरोगी डोळ्यांना नाहीत. एआरईडीएस-2 या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातलं रोजचं प्रमाण: जीवनसत्त्व सी 500 मिलिग्रॅम, ई 400 युनिट, जस्त 80, तांबं 2, ल्युटीन 10, झियाझँथिन 2 मिलिग्रॅम. दुकानातल्या प्रत्येक बाटलीत एवढं असतंच असं नाही, मागचं लेबल वाचा. बीटा-कॅरोटीन असलेली बाटली धूम्रपान करणाऱ्यांनी किंवा पूर्वी केलेल्यांनी टाळावी. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पालक-मेथी बुधवारच्या बाजारातून भरपूर आणा, पण ती औषधाच्या जागी धरू नका.

ओल्या प्रकारात डोळ्यात इंजेक्शन. आधी बधिर करतात, मग पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाने धुतात. खरी चुरचुर त्याचीच. सुरुवातीला साधारणपणे महिन्याला एक अशी तीन, पुढचं अंतर ओसीटी पाहून ठरतं. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं की पाणी परत साचतं, आणि तिथे व्रण धरला की गेलेली नजर येत नाही. इंजेक्शननंतरच्या दिवसांत दुखणं, लाली वाढली आणि दिसणं कमी झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, जंतुसंसर्ग असू शकतो.

घरी अॅम्सलर तक्ता (चौकटींच्या सरळ रेघांचा कागद) पाहायचा: वाचायचा चष्मा लावून, 30 सेंटिमीटरवरून, एकेक डोळा झाकून. दोन्ही उघडे ठेवले तर चांगला डोळा दुसऱ्याचं झाकतो. रेघ नव्याने वाकली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच फोन करायचा.