पोकळ रोलर, टप्पा दुसरा : आता लक्ष बोअरवर

पोकळ रोलर लोडखाली किती आवर्तनं टिकतो हे पाहायचं चाचणीयंत्र, म्हणजे रिग, लोड घेऊ लागलं आहे. आता लक्ष रोलरच्या मधल्या भोकावर, म्हणजे बोअरवर. रचना साधी आहे : २०० मिमी व्यासाच्या दोन हार्ड केलेल्या डिस्क आणि त्यांच्यात समोरासमोर दाबलेला २० मिमी व्यासाचा, २० मिमी लांबीचा रोलर. डिस्क ३०० आरपीएमवर, म्हणजे रोलर ३००० वर. लोड २००० न्यूटन. लिव्हरला नुसतं वजन टांगून लोड देऊ नका. डिस्क जरा जरी लंगडी फिरत असेल तरी वजन वरखाली हिंदकळतं आणि खरा लोड किती, याचा पत्ता लागत नाही. वजनाऐवजी स्प्रिंग दाबून लोड दिला की तो बराच स्थिर राहतो.

भरीव रोलर असता तर हर्ट्झचं (दोन वक्र पृष्ठभाग एकमेकांवर दाबले की येणाऱ्या दाबाचं) गणित मांडून मोकळं होता आलं असतं. या मापाला संपर्कपट्टीची अर्धी रुंदी ०.१० मिमी आणि कमाल दाब ६३० मेगापास्कल येतो. सगळ्यात जास्त शिअर (थर एकमेकांवरून सरकवणारा ताण) पृष्ठभागाखाली साधारण ०.०८ मिमीवर. तडा तिथे जन्मतो, वर येतो आणि कपची उडते. पोकळ रोलरमध्ये हे सगळं असतंच, शिवाय भिंत वाकते. संपर्करेषेच्या बरोबर खाली बोअरचा पृष्ठभाग ताणला जातो. तोच बिंदू पाव फेरा पुढे गेला की दाबला जातो. म्हणजे एका फेऱ्यात दोनदा ताण, दोनदा दाब.

पातळ रिंगच्या सूत्राने लोडखालचा बेंडिंग मोमेंट (भिंत वाकवणारा जोर) ०.३१८ × लोड × सरासरी त्रिज्या. त्याला वक्रतेची दुरुस्ती लावली की १२ मिमी बोअरला (६०% पोकळी, म्हणजे बोअर बाहेरच्या व्यासाच्या ६०%, भिंत ४ मिमी) ताण सुमारे ११५ मेगापास्कल आणि पाव फेऱ्यावरचा दाब सुमारे ७८. १६ मिमी बोअर केला (८०%, भिंत २ मिमी) की तेच आकडे ४६५ आणि २९० च्या आसपास जातात. पोकळी ६०% वरून ८०% झाली, ताण चौपट! लोड वाढवला तर आणखी गंमत : दुप्पट लोडला हर्ट्झचा दाब ६३० वरून ८९० होतो, कारण तो वर्गमुळाने वाढतो, बोअरमधला ताण मात्र सरळ दुप्पट. म्हणून हलक्या लोडला पृष्ठभागावर निकामी होणारा रोलर जड लोडला आतून दुभंगू शकतो. कपची उडालेला रोलर खडखडत का होईना, थोडा वेळ फिरतो. दुभंगलेला तुकडे फेकतो. रिगचं झाकण स्टीलचंच हवं.

आता मुख्य काम, बोअरचं फिनिश. भिंतीतला ताण परिघाच्या दिशेने असतो. त्यामुळे परिघाच्या दिशेचे ओरखडे फारसे नडत नाहीत. नडतात ते अक्षाच्या दिशेचे, कारण ताण त्यांना आडवा उघडतो. रीमर (भोक मापात आणून गुळगुळीत करणारं हत्यार) थांबवून सरळ ओढून काढला की नेमका असाच एक लांब ओरखडा मागे राहतो. तेव्हा रीमर त्याच दिशेने फिरता ठेवूनच बाहेर काढावा. हार्डनिंगनंतर लाकडी दांडीवर पॉलिश पेपर, आधी ४०० मग ८००, रोलर लेथवर फिरवत. पेपर फार पुढेमागे करायचा नाही. तोंडाची धार ०.५ मिमी चॅम्फर (तिरकी) करून तीही पॉलिश करावी.

भोक मध्यावर आहे ना, हे हार्डनिंगआधी तपासा. व्ही-ब्लॉकमध्ये रोलर फिरवून बोअरला डायल गेज लावला की ड्रिल कुठे भरकटलं ते लगेच दिसतं. २ मिमी भिंत एका बाजूला १.९ राहिली तर तिथला ताण ११ टक्के जास्त, कारण तो जाडीच्या वर्गाच्या व्यस्तात जातो.

५२१०० या बेअरिंग स्टीलला ८४५ अंश सेल्सिअसवरून तेलात क्वेंच (झटक्यात थंड), आणि लगेच १७० अंशांना दोन तास टेंपरिंग. टेंपरिंग दुसऱ्या दिवसावर ढकललं तर क्वेंचचे तडे मिळू शकतात आणि मग ते फटीगच्या (वारंवार लोडने येणाऱ्या थकव्याच्या) नावावर खपतात. त्यामुळे रिगवर चढवण्याआधी प्रत्येक बोअरची डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगाची) चाचणी. केस-हार्डनिंगचा (फक्त वरची कातडी, म्हणजे केस, कडक करण्याचा) मोह होतो, कारण कातडीत दाबाचा ताण राहतो आणि तो बोअरला फायद्याचा असतो. पण २ मिमी भिंतीत दोन्हीकडून ०.८ मिमी केस घेतली तर चिवट गाभा उरतो फक्त ०.४ मिमी. ८०% पोकळीला हा मार्ग बाद.

३००० आरपीएमला बोअरवर मिनिटाला ६००० आवर्तनं होतात, म्हणजे एक कोटी आवर्तनांना जवळपास २८ तास. रोलरवर कपची उडाली की कंपनात १०० हर्ट्झचा ठोका येतो. बोअरमधला तडा असा ओरडत नाही. तो खोल जाईपर्यंत कंपन शांतच राहतं, म्हणून दर दहा लाख आवर्तनांना रोलर उतरवून बोअर पुन्हा पेनिट्रंटने पाहायचा, आणि चढवताना तेच तोंड त्याच बाजूला ठेवायचं.

६०% चे रोलर आधी फिरतील. ८०% चे त्यानंतर, आणि सुरुवात अर्ध्या लोडवर.