शीट हिरवी, तरी गाडी ओढायलीच

लातूरला अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवायच्या मशीनवर असतो मी. बहुतेक गाड्यांचं काम टाय रॉड (स्टेरिंगपासून चाकाला जाणारा दांडा) फिरवून टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते, जुळवला की संपतं. पण औशाकडच्या एका सरांच्या गाडीचं सांगायलाच पाहिजे, कारण अलॉय, म्हणजे हलक्या धातूच्या फॅन्सी रिमा घेणाऱ्यांनी रिमवरचा ऑफसेटचा आकडा बघितलाच पाहिजे असं मला फार वाटतं.

सर आले तेच हातात दोन दुकानांच्या अलाइनमेंट शीट घेऊन, दोन्ही हिरव्यागार, म्हणजे सगळे कोन मापात. म्हणाले, "भाऊ, स्टेरिंग धरून धरून मनगटं दुखायलेत बघा. चांगल्या रोडला सरळ चालते, चाकोरी लागली की हातातून निसटायली." सोबत त्यांचा मुलगा होता, मोठे अलॉय त्यानंच हौसेनं बसवलेले. आपल्याकडं काळ्या मातीत रोड दबतात, वरून उसाच्या ट्रॉल्या, म्हणजे चाकोऱ्या काय कमी नाहीत.

मी पण मशीनला लावली, टो, कॅम्बर (चाकाचा उभा कल) सगळं हिरवंच आलं. मग टायरवर हात फिरवला. नक्षी आतून बाहेरून एकसारखी झिजलेली, म्हणजे अलाइनमेंट खरंच बरोबर होती, पण मागच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावर गोल चिरत गेलेली रेघ आणि त्याच्या बरोबर वर मडगार्डच्या काठाचा रंग उडून पत्रा चमकत होता. मागं माणसं बसली की टायर तिथं घासत होता.

चाक खोललं, डिकीतनं स्टेपनी काढून शेजारी पालथी ठेवली. अलॉयच्या पाठीमागची माती पुसली तर 7 जे, ईटी 25, म्हणजे सात इंच रुंद आणि ऑफसेट 25. स्टेपनीची मूळ लोखंडी रिम 5.5 जे, ईटी 45. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यापासून हबला (चाक ज्यावर नटांनी बसतं तो भाग) टेकते ती जागा किती मिलीमीटर बाहेरच्या अंगाला आहे ते. हा आकडा कमी झाला की चाक तेवढं गाडीच्या बाहेर सरकतं. इथं मध्यच 20 मिलीमीटर बाहेर गेलेला, त्यात रिम दीड इंच रुंद, म्हणजे दोन्ही मिळून बाहेरची कड जवळजवळ 39 मिलीमीटर बाहेर! आणि आतल्या बाजूला फरक मिलीमीटरभराचा, म्हणून बसवताना आत कुठं अडलं नाही, चाक मोकळं फिरलं, आणि बसवणाऱ्यानं बसतंय म्हणून देऊन टाकलं. मला राग येतो तो याचाच, आकडा रिमवर छापलेला असतो, वाचायला मिनिट लागत नाही.

पोराला खाली बसवून दाखवलं. स्टेरिंग फिरताना पुढचं चाक ज्या तिरक्या रेषेभोवती वळतं, ती वरच्या शॉकअपच्या माउंटिंगपासून खालच्या बॉल जॉइंटमधून जमिनीला जिथं टेकते, तिथून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर कंपनीनं ठरवलेलं असतं. चाक बाहेर गेलं की ते बदलतं, मग चाकोरीचा प्रत्येक धक्का लांब हँडल मिळाल्यासारखा स्टेरिंगवर येतो. मशीन फक्त कोन मोजतं, चाक बाहेर किती सरकलं ते शीटवर येतच नाही. चाकाच्या बेअरिंगचं पण तसंच, घागर कमरेला धरली तर चालतं, हात लांब करून धरली की खांदा भरून येतो. डावीकडचं पुढचं बेअरिंग घुमायला लागलंच होतं.

मूळ रिमा घरी पडून होत्या. सरांनी दुसऱ्या दिवशी टायरसकट आणल्या, बेअरिंग बदललं, टो परत बघितला आणि औसा रोडला त्याच चाकोरीतून त्यांनाच चालवायला लावली. एका हातानं चालवली सरांनी.

पोरगं हिरमुसलं होतं, खर्च त्याच्याच कमाईचा. त्याला म्हणलं, अलॉय लाव की, पण बघून लाव. त्याच्या गाडीच्या मापानं शीटमागं लिहून दिलं: 6 जे, ईटी 40 ते 45, नटांचं माप मूळ रिमचंच, हबचं भोक मोठं असलं तर बरोबर मापाची रिंग टाकूनच, आणि स्पेसर (हब आणि रिमच्या मधे टाकायची चकती) कुणी फुकट दिला तरी नको. त्यानं कागदाचा फोटो काढला आणि त्याच्या दोस्ताच्या गाडीचा ईटी कुठं बघायचा ते विचारत बसला.