तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्ट कुणाचा?

"तू तर लॅबमध्ये होतीस. खरं सांग, कोविडचे आकडे दाबले होते ना?"

हा प्रश्न मला अजूनही विचारतात. लग्नात विचारतात, सोसायटीच्या मीटिंगनंतर जिन्यात विचारतात. विचारणारा कुठल्या बाजूचा आहे ते त्याच्या सुरातच कळतं. एकाला उद्धव ठाकरे सरकारविरुद्ध साक्षीदार हवा असतो. दुसरा विचारतो, "ती सगळी फडणवीसांची ओरड होती, हो ना?" त्यालाही साक्षीदारच हवा असतो. आजवर मी दोघांनाही तुटक उत्तरं दिली, कारण पूर्ण उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही. तुम्ही थांबाल असं धरून लिहिते.

मी डीएमएलटी, म्हणजे लॅबच्या कामाचा डिप्लोमा, केलेली टेक्निशियन. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका खासगी लॅबमध्ये आरटी-पीसीआरचं, म्हणजे स्वॅबमध्ये विषाणू शोधायच्या टेस्टचं, काम करत होते.

जे छातीठोकपणे सांगता येतं ते आधी सांगते. आमच्या लॅबमध्ये आकडा दाबलेला मी पाहिला नाही. व्हीटीएमची, म्हणजे स्वॅब ज्या द्रवात ठेवतात त्याची, नळी आली की तिच्यावरचा आयडी फॉर्मशी ताडून बघायचा, विषाणूचा आरएनए (जनुकीय द्रव्य) वेगळा काढायचा, प्लेट लावायची, प्रत्येक प्लेटसोबत पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे निकाल आधीच माहीत असलेले नमुने. मशीनवर रेघ वर चढली की चढली, नमुना पॉझिटिव्ह. एखादा निकाल काठावरचा असला तर तोच नमुना पुन्हा लावायचा, त्यावरून आमच्या डॉक्टरांशी हुज्जत व्हायची, आणि ती हुज्जत त्या नळीपुरती असायची. निकाल आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पोर्टलवर भरला की आमचं काम संपलं. रात्री दोन वाजता पीपीईच्या आत घामानं भिजलेल्या माणसाला मुख्यमंत्री कोण आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं.

पण कुणाची नळी आमच्यापर्यंत पोचणार, हे आमच्या हातात नव्हतं. ते वर ठरायचं, आणि हे 'वर' म्हणजे एक जागा नव्हती. मार्च २०२० मध्ये निकष आयसीएमआरचे, म्हणजे दिल्लीचे होते. आधी परदेशातून आलेले आणि त्यांच्या संपर्कातले. २० मार्चला त्यात श्वसनाच्या तीव्र आजारानं दाखल झालेले रुग्ण आले. एप्रिलमध्ये हॉटस्पॉटमधले ताप-खोकल्याचे रुग्ण. डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय खासगी लॅबनं स्वॅब घ्यायचा नाही. त्यात किट आणि आरएनए काढायचं सामान यांची टंचाई. खासगी लॅबमध्ये टेस्टला ४,५०० रुपये, म्हणजे घरात पाच माणसं असतील तर हिशेब तुम्हीच करा. राज्यानं दर उतरवला तो जूनमध्ये, २,२०० वर. पुढे उतरत उतरत मार्च २०२१ ला ५०० झाला.

म्हणून मुंबईत टेस्ट कमी का, असं तेव्हाचे विरोधी पक्षनेते फडणवीस विचारत तेव्हा प्रश्न रास्तच होता. फक्त तो निम्मा दिल्लीला विचारायला हवा होता, आणि तिथे त्यांचंच सरकार होतं. राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे सांगत की देशात सर्वांत जास्त टेस्ट करणाऱ्या राज्यांत आपण आहोत, तेही खोटं नव्हतं. पण रुग्ण सर्वांत जास्त आपल्याकडे असताना टेस्टही जास्तच लागणार, यात फुशारकी कसली?

मग १६ जून आला. राज्यानं आधी न धरलेले १,३२८ मृत्यू एका दिवसात यादीत घातले, त्यातले ८६२ मुंबईचे. एका बाजूला 'बघा, लपवले होते' आणि दुसऱ्या बाजूला 'बघा, आम्ही स्वतःहून जाहीर केले'. दोन्ही बाजूंना त्या दिवशी विजय झाल्यासारखं वाटत होतं. १,३२८ माणसं मेली होती.

तुम्ही मला आकड्यांबद्दल विचारता आणि मी चिडते, त्याचं कारण याच जूनमध्ये आहे.

जूनच्या मध्याला पालिकेचा आदेश आला: खासगी लॅबनी पॉझिटिव्ह रिपोर्ट थेट रुग्णाला द्यायचा नाही, पालिकेला कळवायचा. मग वॉर्डाची वॉर रूम रुग्णाला फोन करणार आणि गरजेप्रमाणे बेड देणार. कारणही सांगितलेलं होतं. लक्षणं नसलेली माणसं रिपोर्ट हातात पडताच ओळखी लावून खासगी हॉस्पिटलात बेड अडवत होती आणि ज्याला धाप लागली आहे तो रस्त्यावर फिरत होता. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्याच एका ओळखीच्या कुटुंबातले तिघे, तिघेही ठणठणीत, एका रात्रीत दाखल झाले होते. तेव्हा मला तो आदेश पटला, आणि मी लॅबमध्ये तसं बोललेही. आमच्यातली एक मुलगी म्हणाली, "अगं, पण त्याच्याच नाकातला स्वॅब ना?" तिला मी म्हटलं, भावनेनं बेड मिळत नाहीत.

माणसं कमी होती, त्यामुळे संध्याकाळी आळीपाळीनं फोनवर बसावं लागे. एका संध्याकाळी एका मुलाचा फोन आला. वडिलांचा स्वॅब आदल्या दिवशी घरून घेतलेला. त्यानं आयडी सांगितला, मी स्क्रीनवर उघडला. पॉझिटिव्ह. नुसता नाही, सीटी व्हॅल्यू बरीच खाली, म्हणजे विषाणूचा भार भरपूर.

मी ठरलेलं वाक्य म्हटलं, "तुमचा रिपोर्ट पालिकेकडे गेला आहे, वॉर्डातून फोन येईल."

"कधी येईल?"

"येईल लवकरच."

तो वैतागला नाही. बाकीचे शिव्या द्यायचे, त्या सोसायला सोप्या होत्या. तो म्हणाला, "मॅडम, रिपोर्ट नका देऊ. फक्त एवढं सांगा, बाबांना वेगळं झोपवू का? खोली एकच आहे. आई त्यांच्याजवळच झोपते. वेगळं झोपवायचं तर मला आईला आणि मुलीला घेऊन गॅलरीत जावं लागेल, आणि बाहेर पाऊस आहे."

मी म्हटलं, "रिपोर्ट येईपर्यंत वेगळंच ठेवा, असं आम्ही सगळ्यांनाच सांगतो."

"सगळ्यांना सांगता ते कळलं. मला काय सांगता?"

मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. स्क्रीन समोर उघडी होती. तो थोडा वेळ बोलला नाही, मग "बरं" म्हणून फोन ठेवला. मागे लगेच दुसरा फोन वाजत होता, मी तो घेतला.

वॉर्डातून त्याला फोन दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. तिथल्या लोकांनी कसूर केली असं मी म्हणणार नाही, त्यांच्यासमोर किती मोठी यादी असेल याची मला कल्पना आहे. वडिलांना बेडही मिळाला. काही दिवसांनी ते गेले. आई पॉझिटिव्ह आली, वाचली. हे सगळं मला खूप नंतर कळलं, २०२१ च्या शेवटी, जेव्हा तो लॅबच्या काउंटरवर येऊन उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कोविडनं गेलेल्यांच्या कुटुंबाला ५०,००० रुपये मिळणार होते आणि अर्जाला जोडायला त्याला रिपोर्टची प्रत हवी होती.

प्रत काढून मीच दिली. तोवर तो तोच मुलगा आहे हे मला माहीत नव्हतं. लॅबच्या रिपोर्टवर तीन वेळा छापलेल्या असतात: नमुना कधी घेतला, लॅबमध्ये कधी पोचला, रिपोर्ट कधी तयार झाला. त्यानं तिसऱ्या वेळेवर बोट ठेवलं. दुपारचे पावणेचार.

"मी संध्याकाळी फोन केला होता," तो म्हणाला. "तेव्हा हा तयार होता?"

मी हो म्हटलं.

"मी आईला आत बाबांजवळच झोपू दिलं. म्हटलं, पॉझिटिव्ह असता तर कुणी ना कुणी सांगितलं असतं."

त्या एका रात्रीनं फरक पडला असता का? कुणालाच सांगता येणार नाही. स्वॅब घेतला त्याच्या आधीपासून ती दोघं त्याच खोलीत होती, आईला लागण आधीच झाली असण्याची शक्यता जास्त. हे मला त्याच्यासमोर उभी असतानाही माहीत होतं. पण तो हे विचारत नव्हता. ज्या घरात कोण कुठे झोपणार हे ठरवायचं होतं, त्या घराला सोडून ती बातमी सगळ्यांना कशी दिली, एवढंच तो विचारत होता.

तो आदेश फार टिकला नाही. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं रिपोर्ट रुग्णाला आणि नातेवाइकांना मिळाला पाहिजे असं सांगितलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर तर मुंबईत चिठ्ठीशिवायही टेस्ट करता येऊ लागली. त्या महिन्याच्या अखेरीस तीन वॉर्डांतल्या सिरो सर्वेक्षणाचे निकाल आले: झोपडपट्ट्यांमध्ये ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटीबॉडी, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, बाकी वस्तीत १६ टक्के. म्हणजे ज्या आकड्यांवरून दोन्ही बाजू एकमेकांच्या उरावर बसत होत्या, त्या आकड्यांत बहुतेक बाधित माणसं नव्हतीच. ती मोजली गेली नाहीत, कारण त्यांच्यापर्यंत स्वॅबची काडी पोचली नव्हती. मला विचाराल तर खरा घोटाळा हा होता, आणि त्यात कुणालाही काही दाबावं लागलं नव्हतं.

मे २०२१ मध्ये फडणवीसांनी पुन्हा पत्र लिहिलं: मुंबईत टेस्ट कमी होताहेत, झटपट होणाऱ्या पण काही बाधित निसटू देणाऱ्या अँटिजेन टेस्टचं प्रमाण वाढवलंय, मृत्यू 'अन्य कारणां'त टाकले जाताहेत. अँटिजेनचा मुद्दा मला मान्य होता. लक्षणं असताना अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करायचीच, हा नियम किती ठिकाणी पाळला जात नव्हता ते आम्हाला येणाऱ्या नळ्यांवरून कळायचं. फक्त हे खूळ मुंबईपुरतं नव्हतं. ज्या राज्यांमध्ये बहुतांश टेस्ट अँटिजेनच्याच होत्या, तिथल्या सरकारांना त्याच पक्षानं पत्रं लिहिलेली मला आठवत नाहीत.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की माझं मत ठरलंय: रिपोर्ट रुग्णाचा, सरकार नंतर. मलाही तसंच वाटत होतं, जानेवारी २०२२ पर्यंत.

तोवर घरी करायचे किट आले होते. पुण्याच्या मायलॅबच्या पहिल्या किटला मे २०२१ मध्ये मान्यता मिळाली, किंमत २५० रुपये. ओमायक्रॉनच्या लाटेत लोक केमिस्टकडून किट आणत, बाथरूममध्ये नाकात काडी घालत, दोन रेघा आल्या की गप्प बसत. ॲपवर निकाल भरणारे थोडे. मला जे हवं होतं तेच झालं होतं, माणसाचा रिपोर्ट पूर्णपणे माणसाच्या हातात. आणि मी रागानं फणफणत होते. आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन घरं पॉझिटिव्ह असून लिफ्टनं ये-जा करत होती. पालिकेनं केमिस्टना किट घेणाऱ्यांची नोंद ठेवायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, बरं केलं. नवऱ्यानं विचारलं, "मग जून २०२० मध्ये पालिकेचं काय चुकलं होतं? तेव्हाही त्यांना नोंदच हवी होती."

मी त्याला म्हटलं, नोंद ठेवणं वेगळं आणि ज्याची नोंद ठेवली त्यालाच न सांगणं वेगळं. हे बरोबर आहे, असं मला आजही वाटतं. पण त्यावर तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तुमचे ते ठणठणीत तिघे पुन्हा बेड अडवून बसले असते, त्याचं काय?" याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. त्यानंतर मी तोडगे शोधले: बेड वॉर्डानंच द्यावा पण निकाल लॅबनं सांगावा, वगैरे. पुढे साधारण तसंच झालं आणि ते बऱ्यापैकी चाललंही. तरी ज्याच्याकडे पैसा आणि ओळख आहे तो आधी आत गेला, हे मी शेवटपर्यंत बघत होते.

तेव्हा आकडे दाबले होते का, असं पुढच्या वेळी विचाराल तर मी म्हणेन, आमच्या लॅबमध्ये नाही. टेस्ट कमी झाल्या का? हो, आणि कमी ठेवणारे दोन्ही पक्षांत होते. यातलं एकच उत्तर घेऊन ग्रुपवर टाकणार असाल, तर कृपा करून माझं नाव घालू नका.