हँडलवरचे स्विच काढल्यावर हेडलाइटची नवी जोडणी

मागच्या श्रावणात गणपतीपुळ्याहून आरे-वारेच्या रस्त्याने दुचाकीवरून रत्नागिरीला परतत असताना समोरून गाडी आली म्हणून मी डिपर (खालचा झोत) दिला आणि हेडलाइट पूर्ण विझला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वळण. कळ तीन-चार वेळा वरखाली केल्यावर दिवा लागला खरा, पण तेवढ्या वेळात रस्ता कुठे वळतो हे मला दिसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी पडवीत गाडी उभी करून डाव्या हाताचा स्विच उघडला. आतल्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट भुकटी जमली होती आणि स्प्रिंग गंजून मोडायला आली होती. खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे मीठ ओल धरून ठेवते आणि ती ओल धातूला खात राहते. पट्ट्या यापूर्वी दोनदा घासूनही दोन्ही वेळा पुढच्या पावसाळ्यात तेच झाले होते. शिवाय अशा जुन्या जोडणीत बल्बचा संपूर्ण प्रवाह त्या इवल्याशा पट्ट्यांमधून जातो. बारा व्होल्टच्या ६०/५५ वॉटच्या बल्बला अप्परवर (दूरच्या झोतावर) ५ अँपिअर लागतात. मल्टिमीटर लावला तेव्हा दिवा चालू असताना बॅटरीवर १२.३ व्होल्ट होते आणि बल्बच्या टोकांवर जेमतेम १०.९. हॅलोजन बल्बचे व्होल्टेज १० टक्के घटले की उजेड साधारण ३० टक्के घटतो, त्यामुळे कित्येक महिने मी मंद दिव्यावरच गाडी चालवत होतो.

म्हणून स्विच पुन्हा दुरुस्त न करता काढूनच टाकायचा असे ठरवले. मात्र वायर कापण्यापूर्वी कागदावर आकृती काढणे फार आवश्यक आहे, कारण हँडलवरचा स्विच ही नुसती कळ नसते, तर प्रवाह येण्याची आणि फाटे फुटण्याची ती जागा असते. अप्पर चालू असल्याचे दाखवणाऱ्या, मीटरवरच्या निळ्या दिव्याचा फाटा तिथूनच निघतो, पार्किंग लाइटचाही बहुधा तिथूनच. जुन्या वायरींचे रंग उडालेले असतात, म्हणून प्रत्येक वायर मीटरने तपासून तिला कागदी चिठ्ठी बांधली. आणखी एक गोष्ट आधी पाहून घ्यावी. कित्येक जुन्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) एसी प्रवाहावर चालतो, आणि त्या प्रवाहावर साधा डीसी रिले, म्हणजे आतल्या कॉइलच्या छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारी कळ, नुसता खडखडत राहतो. माझ्या गाडीचा दिवा बॅटरीवर आहे, त्यामुळे ही अडचण आली नाही.

नव्या जोडणीत दोन रिले आहेत. बॅटरीजवळ १० अँपिअरचा फ्यूज घालून दीड चौरस मिलिमीटरची वायर पहिल्या रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनला आणली. किल्ली फिरवताच तो रिले लागतो आणि ८७ वरून प्रवाह दुसऱ्या, पाच पिनांच्या रिलेच्या ३० ला देतो. या दुसऱ्या रिलेचा ८७ए (कॉइलमध्ये प्रवाह नसताना ३० शी जुळलेली पिन) डिपरला आणि ८७ (प्रवाह असताना जुळणारी पिन) अप्परला जोडला, निळ्या दिव्याचा फाटाही ८७ वरूनच घेतला. या मांडणीचे मला मनापासून समाधान आहे, कारण दुसरा रिले चालवणारी, हँडलवरची नवी कळ उद्या गंजली तरी रिले ८७ए वरच राहील आणि निदान डिपर तरी जळत राहील. कळीतून आता फक्त रिलेच्या कॉइलचा साधारण ०.१५ अँपिअर प्रवाह जातो, आणि तोही अर्थच्या, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाच्या बाजूने. त्यामुळे तिची वायर घासून हँडलला टेकली तरी फ्यूज उडणार नाही, फक्त अप्पर लागून राहील.

दिवा किल्लीबरोबरच लागावा हे मी मुद्दाम केले. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना तसा नियमच आहे. इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवायची नाही, एवढी सवय मात्र लावून घ्यावी लागते.

सांध्यांच्या बाबतीत मिरकरवाडा बंदरावर होड्यांच्या इंजिनांचे काम करणाऱ्या एका काकांचा सल्ला मोलाचा ठरला. ते म्हणाले, "वायर वरून सरळ डब्यात नेऊ नकोस. आधी खाली झोळ दे, म्हणजे पाणी झोळातून गळून जाईल." त्याप्रमाणे प्रत्येक वायरीला झोळ दिला, रिले पिना खाली करून बसवले आणि थिंबलांना (वायरींच्या टोकांना बसवलेल्या धातूच्या जोडांना) पेट्रोलियम जेली लावली. अर्थसाठी गंजक्या चौकटीवर विसंबलो नाही. बल्बपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत स्वतंत्र वायर नेली. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून कुठे ताण येत नाही ना, हेही पाहिले. इंजिन बंद ठेवून पुन्हा मोजले तेव्हा बल्बवर १२ व्होल्ट मिळाले.

संध्याकाळी कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर झोत टाकून दिव्याची उंची लावली, कारण उजेड वाढल्यावर समोरच्याच्या डोळ्यांवर तो जास्त येतो. वायरींचे रंग आता मूळ गाडीशी जुळत नाहीत, म्हणून आकृतीची एक प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवली आहे.