बांधावरचा मोडेम : आमची वाटचाल

आम्ही द्राक्षबागेत बसवायची हवामान यंत्रं बनवतो. पाऊस, तापमान, आर्द्रता आणि पान किती वेळ ओलं राहिलं हे मोजायचं आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर पाठवायचं. डाऊनी म्हणजे केवडा रोगाचा धोका बराचसा त्या शेवटच्या आकड्यावरून कळतो. २०१३ साली कुपवाड एमआयडीसीत अर्धा गाळा भाड्याने घेऊन दोघांनी सुरुवात केली, तेव्हा वाटलं होतं की सगळा कस सेन्सरमध्ये लागेल. सेन्सर दोन-तीन महिन्यांत जमले. बागेतली माहिती गाळ्यापर्यंत आणण्यात मात्र वर्षं गेली.

पहिला थ्रीजी डोंगल (सिमकार्डावरून इंटरनेट देणारा, यूएसबीत खोचायचा मोडेम) आमच्या छोट्या लिनक्स बोर्डाला, म्हणजे यंत्रातल्या छोट्या संगणकाला लावला, तर बोर्डाला मोडेम दिसेना, सीडी ड्राइव्ह दिसू लागला. त्या डोंगलच्या पोटात विंडोजचं सॉफ्टवेअर भरलेलं असायचं. संगणकावर ते आपोआप चढायचं आणि मग डोंगलला सांगायचं की आता मोडेम हो. आमच्या बोर्डावर हे सांगणारं कोणीच नव्हतं. यूएसबी-मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्राम तेच काम करतो, हे कळायला आम्हाला चार दिवस लागले. तो चालवला की डोंगल क्षणभर सुटतो आणि नवा ओळखक्रमांक घेऊन परत जोडला जातो, या वेळी मोडेमशी बोलायच्या सीरियल पोर्टसकट. मग एपीएन, म्हणजे मोबाईल कंपनीच्या इंटरनेट-दाराचं नाव द्यायचं, स्टार-नाइन्टीनाइन-हॅश डायल करायचं आणि पीपीपी, म्हणजे डायल करून इंटरनेटला जोडायच्या पद्धतीने जोडणी उभी करायची. पहिल्यांदा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपला क्रमांक मिळाला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. भागीदाराने घरी फोन करून सांगितलं, ‘लागलं!’ घरच्यांना काय लागलं ते समजलं नाही, पण आनंद समजला.

गाळ्यात आठवडाभर नीट चाललेलं यंत्र कवठेमहांकाळच्या पुढे एका बागेत नेलं, तर ते दर दहा मिनिटांनी बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागलं. आम्ही सॉफ्टवेअर धुंडाळत बसलो. दोष विजेत होता. टॉवर लांब असला की मोडेम जास्त ताकदीने बोलतो आणि त्या क्षणी जास्त करंट ओढतो. बोर्डाच्या यूएसबी पोर्टला तो झेपत नव्हता, व्होल्टेज खाली येऊन बोर्डच रीसेट होत होता. गाळ्याजवळ टॉवर होता, म्हणून तिथे हे कधीच दिसलं नाही. मोडेमला वेगळा पाच व्होल्टचा पुरवठा दिला, शेजारी वीज साठवणारा मोठा कपॅसिटर टाकला आणि प्रश्न मिटला. तेव्हापासून खांब रोवण्याआधी जागेवर सिग्नल मोजतो. मोडेम तो ० ते ३१ मध्ये सांगतो. दहाच्या खाली आला तर उंचावर बाहेरचा अँटेना लावल्याशिवाय आम्ही यंत्र देत नाही, शेतकऱ्याने कितीही घाई केली तरी.

२०१९ च्या ऑक्टोबरबद्दल लिहिणं जड जातं, पण ते वगळून आमची वाटचाल सांगता येणार नाही. छाटण्या झाल्या होत्या आणि परतीचा पाऊस हटत नव्हता. तासगावकडच्या एका बागायतदार काकांचा फोन आला : ‘साहेब, तुमचा मेसेज आला न्हाई, म्हणून मी औषध मारलं न्हाई.’ त्यांचं यंत्र दोन दिवस मुकं होतं. बागेत डाऊनी शिरली होती, घडकुज सुरू झाली होती.

आम्ही यंत्र उघडलं. जोडणी चालू दिसत होती, आयपी पत्ताही होता. फक्त माहिती जात नव्हती. जोडणी जिवंत आहे का, हे पीपीपी ठरावीक वेळाने विचारत होता आणि त्याला उत्तरही मिळत होतं. पण ते उत्तर खुद्द मोडेमच देत होता. पुढे टॉवरशी नातं तुटलंय, याचा त्याला पत्ताच नव्हता. आम्ही शेजाऱ्याला विचारून गावाची खुशाली मानली होती.

यंत्राचं त्या वर्षाचं भाडं आम्ही त्यांच्याकडून घेतलं नाही. त्याने त्यांचं नुकसान भरून निघणार नव्हतं, हे त्यांच्या समोर बसून कबूल केलं.

मग पाया बदलला. यंत्र आता दर पाच मिनिटांनी थेट आमच्या सर्व्हरकडून पोच मागतं. तीनदा आली नाही, तर जोडणी तोडून नव्याने लावतं. तरी नाही, तर मोडेमला रीसेटची आज्ञा. तरीही नाही, तर मोडेमची वीज दहा सेकंद तोडायची. बोर्डच अडकला, तर हार्डवेअर वॉचडॉग हे पहाऱ्यावरचं सर्किट त्याला उठवतं. तोवरची नोंद आत साठत राहते. पण माझ्या मते खरा बदल सर्व्हरवर झाला : सहा तास एखाद्या बागेतून काही आलं नाही, तर शेतकऱ्याला एसएमएस जातो, ‘यंत्र बंद आहे, बाग स्वतः पाहा.’ आमचं गप्प राहणं म्हणजे धोका नाही, असं त्या काकांनी मानलं. तसं मानायला आम्हीच लावलं होतं.

पुढे थ्रीजी बंद होत गेलं आणि आम्ही फोरजी मॉड्यूलवर आलो. डायल करणं संपलं, थेट नेटवर्क इंटरफेस मिळाला. नवी भांडणं आलीच. मोडेम-मॅनेजर हा प्रोग्राम प्रत्येक सीरियल पोर्ट मोडेम समजून चाचपायचा आणि आमच्या वाऱ्याच्या सेन्सरलाही मोडेमला द्यायच्या एटी आज्ञा पाठवायचा. त्या पोर्टला हात लावू नको, असा नियम लिहावा लागला. बोर्डाला बॅटरीवरचं घड्याळ नव्हतं. वीज गेली की तारीख १९७० ची व्हायची आणि तारीख जुळत नाही म्हणून सुरक्षित जोडणी सर्व्हरचं प्रमाणपत्र नाकारायची. घड्याळाची चिप स्वस्त असते, ती पहिल्याच दिवशी लावायला हवी होती.

आज आम्ही सातजण आहोत. छाटणीच्या आधी प्रत्येक यंत्र टेबलावर ठेवून चालू असतानाच त्याचा अँटेना काढतो, तासाभराने परत लावतो आणि हात न लावता वाट पाहतो. यंदा पहिल्या फेरीत अकरा यंत्रं होती. नऊ आपली आपण परत आली. उरलेली दोन अजून टेबलावरच आहेत.