फिश कटलेट तव्यावर फुटत होते, माझा अनुभव

आमची लेक सात वर्षांची आहे आणि खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ. चार वर्षांची असताना बांगड्याचा काटा घशात अडकला होता, निघाला लगेच, पण भीती बसली ती बसलीच. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा मासे होतात आणि तेव्हा ती बाजूला वरणभात खात बसते हे मला बघवत नव्हतं. म्हणून ठरवलं की घरी फिश कटलेट करायचे, आणि तेही न तळता, कारण तळकट खाल्लं की रात्री तिच्या पोटात दुखतं.

सुरुवात केली जुलैत. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, ताज्या सुरमईचा भाव परवडेना, म्हणून फ्रोझन बासा आणला. काटा नाही, वासही कमी.

आता खरा त्रास. जी रेसिपी बघावी तिच्यात तेच, मासा उकडा, बटाटा कुस्करा, मसाला घाला, ब्रेडक्रम्स लावा, तळा. मी तळण सोडून बाकी सगळं तसंच केलं. तव्यावर ठेवले आणि दोन मिनिटांत कडेने पांढरं पाणी सुटायला लागलं, त्याला बुडबुडे, आणि उलथनं खाली सरकवलं की वरचा अर्धा उलथन्यावर आणि खालचा अर्धा तव्याला चिकटलेला. शेवटी भुर्जी झाली. लेक लांबूनच बघून म्हणाली, "बाबा, मला वरणभातच दे."

पुढच्या रविवारी बटाटा वाढवला, फुटले नाहीत पण माशाची चवच गेली. मग ब्रेडक्रम्स आत घातले तर कडक झाले, अंडं घातलं तर मिश्रण आणखी पातळ. चार रविवार असे गेले आणि मला अजून राग येतो तो याचा, की पाण्याबद्दल कुणी एक शब्द सांगत नाही. तळताना गरम तेल चारी बाजूंनी एकदम कवच धरतं म्हणून तिथे खपून जातं, तव्यावर फक्त खालून आच लागते, पाणी आतलं आतच राहतं. आणि पाणी कुठून कुठून येतं बघा. फ्रोझन माशावर बर्फाचा थर असतो, मी अर्ध्या किलोचं पाकीट रात्रभर फ्रीजमध्ये चाळणीत ठेवलं तर खाली पाऊण वाटी पाणी जमलं होतं! वर आपण तो मासा पाण्यात उकडतो, बटाटा सोलून कापून उकडतो, धुतलेली कोथिंबीर तशीच चिरून घालतो आणि कच्च्या कांद्याला मीठ लागलं की त्यालाही पाणी सुटतं.

शेवटी आईला फोन केला. ती म्हणाली, "अरे, सुरमईची तुकडी रवा लावून भाजतोस तेव्हा फुटते का? मग याला आधी उकडतोस कशाला?" तिथे डोक्यात प्रकाश पडला. मासा कच्चाच ठेवला, फडक्यात घट्ट पिळला, सुरीने बारीक चिरला, ३०० ग्रॅमला पाऊण चमचा मीठ घालून हाताने तीन मिनिटं मळला. आधी सुटासुटा होता तो हळूहळू बोटांना चिकटायला लागला आणि कणकेसारखा गोळा झाला. मिठामुळे माशातलं प्रोटीन सुटतं आणि तेच सगळं धरून ठेवतं, आधी उकडलं तर ही चिकटण्याची ताकद तिथेच संपते. अंडं नको, ब्रेड नको.

बाकी सोपं आहे. सालासकट अख्खा उकडून पूर्ण गार केलेला एकच लहान बटाटा (मिक्सरला लावू नका, गोंद होतो), पोहे कोरडे भाजून केलेली पूड तीन चमचे, आलं-लसूण, हळद, लिंबू, कोरडी केलेली कोथिंबीर, तिच्यासाठी मिरची नाही. अर्धा तास फ्रीजमध्ये. मग छोटे गोळे रव्यात घोळवून आप्पेपात्रात, सगळ्यांना मिळून दोन चमचे तेल, झाकण ठेवून मंद आचेवर चार मिनिटं, उलटून झाकण न ठेवता तीन मिनिटं. एकही फुटला नाही, मला इतका आनंद झाला की गॅससमोरच उभं राहून पहिला मी खाल्ला.

लेकीने तिचा बोटांनी उघडला, आतला पांढरा भाग दोनदा चिवडून बघितला, काटा नाही याची खात्री केली आणि मग सॉसमध्ये बुडवून खाल्ला. त्या दिवशी पाच खाल्ले.

हो, एक राहिलं. ऑगस्टपासून मी सुरमईच घेतो, चव कितीतरी चांगली. मधला काटा काढला तरी चिरलेला मासा स्टीलच्या ताटात पातळ पसरून चमच्याच्या पाठीने दाबत जा, राहिलेला काटा ताटाला घासला की लगेच कळतं. रोहू-कटला मात्र यासाठी घेऊ नका, त्यातले बारीक, दोन फाट्यांचे काटे कितीही शोधले तरी राहतात.