हाफ तिकीट

"हाफ पोरीचं देऊ की बाईचं?" कंडक्टरने हसत विचारलं. दापोली-हर्णै एसटी. खिडकीशी माझी भाची, वय सोळा, उंची चौथीतल्या मुलीएवढी.

"बाईचं," ती म्हणाली. पैसे तेवढेच, २०२३ पासून सगळ्याच बायकांना हाफ आहे. पण तिने शब्द असा काही ठासून म्हटला की कंडक्टरचं हसू तिथेच विरलं.

मागच्या सीटवरच्या काकू मात्र सुरू झाल्या. "हिच्या आयशीने पोटुशी असताना काय खाल्लंन गो?"

टर्नर सिंड्रोम. ४६ ऐवजी ४५ गुणसूत्रं, मुलींमधल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक नाही. उंची खुंटते ती त्यामुळेच. साधारण दोन-अडीच हजार मुलींमागे एकीला. खाण्याशी, ग्रहणाशी कसलाही संबंध नाही, पेशी तयार होताना योगायोगाने घडतं. आणि गंमत म्हणजे जो एक्स उरतो तो बहुतेक वेळा आईकडचाच असतो. हरवतो तो बापाकडचा. बोल मात्र आईला!

हे सगळं मला पाठ आहे. डॉक्टरांकडे ताईसोबत मीच तर जाते. तरी आसूद येईपर्यंत मी बाहेरच्या पोफळी बघत बसले.

उतरताना भाचीने विचारलं, "मावशी, तू का नाही बोललीस?"